झरा राखायचा तर सडा राखा

मासा लगेच दिसत नाही. कुंडाच्या कडेला बसायचं, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला, आणि काही न करता पाहत राहायचं. आधी नुसते गोटे दिसतात, त्यांच्यावरचं शेवाळ दिसतं, वरून पडलेलं एखादं कुजकं पान दिसतं. मग त्यातला एक गोटा किंचित सरकल्यासारखा वाटतो. तो गोटा नसतो. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, तळाला पोट टेकून बसलेला, अंगावर सोनेरी झाक. आपण श्वास रोखून जरा पुढे वाकावं तर एक हिसडा, आणि तो दोन दगडांच्या फटीत गेलेला असतो. पुन्हा वाट पाहायची.

ही जागा सिंधुदुर्गातल्या आंबोलीतली. आजऱ्याच्या रस्त्याने निघालं की फाटा फुटतो, पुढे झाडीतून वाट जाते आणि डोंगराच्या पोटातल्या गुहेतून पाणी बाहेर येताना दिसतं. तिथेच हिरण्यकेशीचं आणि महादेवाचं स्थान. हिरण्यकेशी नदीचा हा उगम. त्या पाण्यात राहणाऱ्या या माशाला शास्त्रज्ञांच्या वहीत नाव मिळालं ते अगदी अलीकडे, २०२० साली. तेजस ठाकरे, जे. प्रवीणराज आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी तो विज्ञानाला नवा असल्याचं दाखवून दिलं आणि नदीचंच नाव त्याला दिलं: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने या उगमाच्या परिसराला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. क्षेत्र २.११ हेक्टर. आपल्या हिशेबात जेमतेम सव्वापाच एकर. आमच्याकडे ऊसवाल्या एखाद्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचा मळा असतो तेवढं.

या सव्वापाच एकरांसाठी मी हा लेख लिहिते आहे. आणि त्याहून जास्त, त्या सव्वापाच एकरांच्या बाहेर जे आहे त्याच्यासाठी.

मी गडहिंग्लजची. आमच्या नळाला येतं ते हिरण्यकेशीचं पाणी. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत ती चांगली रुंद नदी झालेली असते. आजऱ्याला रामतीर्थापाशी खडकांवरून उड्या घेते, चित्रीचं पाणी पोटात घेते, मग आमच्या शिवारांतून वळणं घेत संकेश्वरच्या बाजूला कर्नाटकात जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराला. वर्गात भूगोल शिकवताना मी मुलांना नकाशावर हे बोटाने दाखवायचे, आणि दर वर्षी एक तरी मूल विचारायचं, बाई, समुद्र तर इथे डावीकडे आहे, मग नदी तिकडे का गेली? प्रश्न बरोबर आहे. निरभ्र दिवशी आंबोलीच्या कड्यावरून समुद्राची रेघ दिसते. घाटातल्या धबधब्याखाली जे लोक भिजतात, त्यांच्या डोक्यावरचं पाणी अरबी समुद्राला जातं. तिथून थोड्याच अंतरावर उगवलेली हिरण्यकेशी मात्र पाठ फिरवते आणि सगळा देश आडवा ओलांडायला निघते. माथ्यावरच्या चार-दोन हातांच्या उतारावर ठरतं की कोणता थेंब कोकणाचा आणि कोणता देशाचा. त्या उतारामुळेच आमच्या आजऱ्यात घनसाळ तांदूळ पिकतो, गडहिंग्लजला घागर भरते.

मला तिथे पहिल्यांदा नेलं आजीने. महाशिवरात्रीला. एसटीने आंबोली, तिथून चालत, डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. गुहेपाशी पोचल्यावर चालून तापलेले पाय मी सरळ पाण्यात घालायला गेले, तर तिने दंडाला धरून मागे ओढलं. म्हणाली, "पाय बुडवू नगंस त्यात. हेच पाणी आपल्या रांजणात येतंया." मग तिने चपला लांब काढून ठेवल्या, वाकून आधी डोळ्यांना पाणी लावलं, मग ओंजळीने प्याली. जेवून झाल्यावर कुणीतरी बाई साबणाची वडी घेऊन हात धुवायला खाली उतरली. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने बसल्या जागेवरून हाक दिली, "हय साबण लावू नकात, देवाचे मासे आसत थय." बाई काही न बोलता वर आली आणि तांब्यात पाणी घेऊन लांब झाडाखाली गेली. भांडण नाही, पाटी नाही, दंड नाही.

त्या म्हाताऱ्याला माशाचं लॅटिन नाव ठाऊक नव्हतं. तो मासा जगात दुसरीकडे कुठे सापडलेला नाही हेही नसणार ठाऊक. पण त्याच्यासारख्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशी हाक मारली, म्हणून २०२० साली नाव द्यायला तो मासा तिथे शिल्लक होता. आज त्या हाकेला माणसं कमी पडताहेत. म्हणून ही दुसरी हाक.

आता थोडं दगडाविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. आंबोलीच्या माथ्यावर जांभ्याचं आवरण आहे. जांभा म्हणजे जाळीचा दगड, चिरा काढून हातात घेतला तर आरपार भोकं दिसतात. त्याच्या उघड्या, सपाट विस्ताराला आपण सडा म्हणतो. पाऊस पडला की सड्यावरचं पाणी या भोकांतून, भेगांतून आत जातं. खाली चिकट मातीचा थर लागतो, कोकणात त्याला शेडी म्हणतात, आणि त्याच्याखाली काळा कातळ. तिथे पाण्याची खाली जायची वाट बंद होते. मग ते आडवं सरकत राहतं, अंधारात, सावकाश, आणि जिथे डोंगराला तोंड सापडतं तिथे बाहेर पडतं. आपण झरा झरा म्हणतो तो हाच. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथले लोक इंचात बोलतात, ३०० इंचांच्या घरात. पण तो सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने गुहेतून जी धार येते ती सड्याच्या आणि त्याच्या अंगच्या जंगलाच्या साठवणीतली असते. झाडं पावसाचा मार झेलतात, पालापाचोळा पाण्याला पळू देत नाही, जाळीदार दगड ते पोटात घेतो.

म्हणजे गुहा हे घराचं नुसतं दार आहे. घर वर आहे, डोंगरभर पसरलेलं. आपण दाराभोवती सव्वापाच एकरांची रेघ मारली आणि घर तसंच सोडलं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. उगम वाचवायचा असेल तर उगमाचा पाणलोट वाचवायला हवा. वरच्या सड्याचं, वरच्या रानाचं जे व्हायचं ते झालं, तर खाली कुंडाला सोन्याचं कुंपण घातलं तरी त्यात पाणी येणार नाही. आणि या झऱ्याचं पाणी नेमकं डोंगराच्या कोणत्या अंगाने येतं, कुठवरचा पाऊस त्याला पोसतो, हे भूजलाच्या जाणकारांनी पायी फिरून, दगड पाहून, नकाशावर काढून द्यायला हवं. ते झालं की रेघ तिथवर न्यायला हवी. पहिली मागणी ही. बाकीच्या मागण्या हिच्या मागून येतात.

सडा वाचवा म्हटलं की लोक गोंधळतात. जंगल वाचवा म्हटलं तर कळतं, डोळ्यांसमोर झाडं येतात. सड्यावर एप्रिलात गेलात तर काय दिसतं? काळपट लाल दगड, करडं गवत, वर तापलेलं आभाळ. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब म्हणतात. खराब म्हटली की ती कशालाही द्यायला मोकळी. कुणाला तिथे प्लॉट दिसतात, कुणाला हेलिपॅडसारखी आयती सपाटी दिसते, कुणाला दगडातलं बॉक्साइट दिसतं. शाहूवाडी आणि राधानगरीकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, त्या आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या लोकांनी पाहिल्या आहेत. जांभा एकदा खरवडून नेला की ती जाळी पुन्हा बसवता येत नाही. वर माती टाका, झाडं लावा, फोटो काढा. पाणी धरणारा दगड गेला तो गेला.

त्याच सड्यावर जूनच्या पहिल्या पावसानंतर रात्री जावं. बॅटरीचा झोत दगडातल्या खळग्यांवर टाकत हळूहळू चालायचं, पाय कुठे टाकतो ते बघत. परातीएवढं एखादं डबकं, त्यात वीतभरही पाणी नाही, आणि त्याच्या काठाला भेक बसलेले, अंगावर पट्टे. हा आंबोलीचा भेक. झँथोफ्रिन टायग्रिना हे त्याचं शास्त्रीय नाव २००९ साली ठरलं, त्या पट्ट्यांवरूनच. जगात तो आंबोलीच्या आसपासच्या अगदी चिमूटभर मुलखात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद आहे. त्याची पुढची पिढी या असल्या डबक्यांत वाढते, पाणी आटायच्या आत तिला वाढून बाहेर पडावं लागतं. त्या खळग्यावरून एका रात्री एका जीपचं चाक गेलं की तिथलं वर्ष संपलं. सड्यावर गाड्या घालून गोल गोल फिरवणारी, त्याचे व्हिडिओ करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर बरीचशी थांबतात, हेही मी पाहिलं आहे.

खाली उगमापाशी दुसरे धोके आहेत. ते मोठे दिसत नाहीत म्हणून जास्त काळजीचे. मागे एकदा मी कुंडापाशी बसले असताना एक कॉलेजचा मुलगा रुमालाची झोळी करून पाण्यात हात चालवत होता. शेजारी कापलेली प्लास्टिकची बाटली. विचारलं तर म्हणाला, एकच नेतोय मॅडम, घरी टाकी आहे. एकच. जगात जो मासा एका झऱ्याच्या पाण्यात राहतो, त्याचा एक किती होतो याचा हिशेब आपण कुणालाच शिकवलेला नाही. मासेमारीला तिथे बंदी आहे ती यासाठीच. नवलाईचा मासा म्हटलं की त्याला गिऱ्हाईक निघतं, आणि सव्वापाच एकरांतला मासा हौशी माणसांच्या काचेच्या पेट्यांत संपायला फार दिवस लागणार नाहीत. त्या मुलाने बाटली परत पाण्यात ओतली. पण मी तिथे रोज नसते.

याच्या उलटही घडू शकतं. पुण्य म्हणून, हौस म्हणून किंवा डासांवर उपाय म्हणून कुणी बाहेरचे मासे आणून कुंडात सोडेल. गप्पी मासा कुठेही तगतो, झपाट्याने वाढतो, दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. आपल्या गावातल्या टाकीत, गटारात त्याला सोडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. उगमाच्या कुंडात तोच मासा म्हणजे घरात सोडलेली वाळवी. इथे बाहेरचा एकही जीव सोडायचा नाही, कासव नाही, शोभेचा मासा नाही, कमळाचा कंद नाही.

आणि सिमेंट. याच्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एक झरा सिमेंटने मेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्याच तालुक्यात, गावाचं नाव राहू द्या. ओढ्याच्या काठाला देवीचं ठाणं, शेजारी कमरेएवढं दगडी टाकं, त्यात बारमाही पाणी. लग्न झालेल्या मुली पहिल्यांदा माहेरी आल्या की त्या टाक्याची ओटी भरायच्या. मग निधी आला. टाक्याला आतून गिलावा झाला, तळाला फरशी बसली, भोवती पेव्हर ब्लॉक, वर रंगीत कमान. काम चोख होतं, कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. पण पाणी त्या टाक्यात तळाच्या आणि बाजूच्या फटींतूनच यायचं, आणि फटी तर बुजवल्या. दोन पावसाळे पाणी कसंबसं पाझरत राहिलं, मग त्याने खाली ओढ्याच्या अंगाला दुसरी वाट काढली. आज टाकं कोरडं आहे, फरशी चकचकीत आहे, आणि मुली ओटी भरायला टँकरचं पाणी तांब्यात घेऊन येतात.

हिरण्यकेशीच्या उगमाला हे होता कामा नये. तळाला राहणाऱ्या माशाचं सगळं घर म्हणजे गोट्यांमधल्या फटी. तिथेच तो लपतो, तिथेच खातो. ओल्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर पाण्याचा गुणच बदलतो आणि मासे मरतात. बांधकामाची माती, खडीची भुकटी वाहून आली की त्या फटी भरून जातात, पाणी वरून नितळ दिसतं आणि खाली घर बंद झालेलं असतं. देवस्थानाला पायऱ्या हव्यात, म्हाताऱ्या माणसांना कठडा हवा, बायकांना आडोसा हवा. हे सगळं करता येतं. झऱ्यापासून लांब, पाण्याच्या वरच्या अंगाला नाही तर खालच्या अंगाला, जांभ्याचे चिरे नुसते रचून, चुना-सिमेंट न वापरता. आपल्या कोकणातल्या पाणंदी, गडगे, पाखाड्या याच रीतीने उभ्या राहिल्या. हे ज्ञान आपल्या गवंड्यांच्या हातात अजून आहे, त्यांना विचारा.

इथे आंबोलीच्या माणसांच्या मनातली एक धास्ती मी समजून घेऊ इच्छिते. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांचा कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. आपल्याच वहिवाटीच्या जमिनीसाठी पिढ्या सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. अशा गावात कुणी नकाशावर नवी रेघ ओढायची भाषा केली की पोटात गोळा येणारच. २०११ साली माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला. त्यात ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या असं पुन्हा पुन्हा सांगितलेलं होतं, तरी गावोगाव पोचली ती भीती: आता घराचं कौल बदलायलाही परवानगी लागणार. अहवाल वाचणारे थोडे, भीती सांगणारे फार.

म्हणून स्पष्ट सांगते. जैविक वारसा स्थळ २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली जाहीर होतं. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं आहे की, या घोषणेमुळे स्थानिकांच्या चालत आलेल्या रीतींवर आणि वापरावर बंधन येऊ नये. गाव स्वतः होऊन जी बंधनं ठरवेल तेवढीच. म्हणजे महाशिवरात्र बंद होत नाही, नवस बंद होत नाही, घागर बंद होत नाही. उलट याच कायद्याने प्रत्येक गावाला जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली आहे आणि गावाची जैवविविधता नोंदवही दिली आहे. ती समिती कागदावर राहू द्यायची की तिच्यात झऱ्याची राखण करणारी, रानात फिरलेली माणसं बसवायची, हे ग्रामसभेच्या हातात आहे. पाणलोटापर्यंत रेघ वाढवायची मागणी आंबोलीच्या ग्रामसभेतून निघाली, तर तिचं वजन आमच्या शंभर लेखांहून जास्त असेल. आणि ती निघायची असेल तर आम्हा खालच्यांना आधी काहीतरी द्यावं लागेल.

कारण राखण वरच्यांनी करायची आणि पाणी खालच्यांनी प्यायचं, हा व्यवहार न्यायाचा नाही. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर ही सगळी गावं या पाण्यावर जगतात. घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आम्हाला कौतुक आहे. तो ज्या पाण्यावर पिकतो त्याच्या उगमासाठी आम्ही आजवर काय केलं? आमच्या नगरपालिकेने, खालच्या ग्रामपंचायतींनी आणि साखर कारखान्यांनी दर वर्षी थोडी रक्कम उगमाच्या राखणीसाठी बाजूला काढायला हवी. आंबोलीतल्याच चार तरुणांना बारमाही राखणदार म्हणून पगार मिळेल एवढी. ते वाट दाखवतील, गाड्या फाट्यावर थांबवतील, वणवा रोखायला जाळपट्टे काढतील, कुंडापाशी बसून हाक मारतील. त्या म्हाताऱ्याची हाक आता पगारी करावी लागणार आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

नीती आयोगाच्या कार्यगटाने २०१८ साली झऱ्यांविषयी अहवाल दिला. देशात सुमारे ५० लाख झरे असावेत, त्यातले ३० लाख हिमालयात, आणि तिथले निम्मे आटले किंवा आटत चालले, असं त्यात आहे. आपल्याकडचे सह्याद्रीतले झरे किती, कोणत्या अवस्थेत आहेत, हे गावोगावच्या माणसांनीच सांगायचं आहे. शिकलेली माणसं नदीविषयी बोलतात, धरणाविषयी बोलतात. झऱ्याला मात्र बहुधा कुणी धनी नसतो. सिंधुदुर्गातच दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे देवराईत जपलेल्या रानजायफळाच्या दलदलीला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तीही पाण्याची जागा, तीही देवाच्या नावाने टिकलेली, तीही पाच-सहा एकरांच्या आतबाहेरची. या जागा लहान आहेत म्हणूनच त्या आपल्या आवाक्यातल्या आहेत. सगळा सह्याद्री वाचवा म्हटलं की माणूस हताश होतो. एक झरा आणि त्याचा डोंगर वाचवायला एक तालुका पुरेल.

तर मग करायचं काय, ते सांगते.

आंबोलीला तुम्ही जाणारच. पुण्याहून, बेळगावहून, गोव्याहून, कोल्हापूरहून पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. धबधब्यापाशी भिजा, भजी खा, पण माकडांना वेफर्स देऊ नका आणि पाकीट खिशात परत आणा. रात्री घाटातून आणि सड्यालगतच्या रस्त्याने जाताना गाडी हळू चालवा. पावसाळी रात्री रस्त्यावर जे उड्या मारतं ते चाकाखाली जाऊ देऊ नका. हिरण्यकेशीला जायचं असेल तर फाट्याजवळ गाडी ठेवा आणि चालत जा. वाट सावलीची आहे, चालताना शेकरूची घरटी दिसतील, मलबारी कवड्या धनेशाचा आवाज आला तर थांबाल. मुलांना बरोबर न्या. कुंडापाशी पाच मिनिटं त्यांना गप्प बसवा, मासा त्यांनाच आधी दिसतो.

भाविकांना हात जोडून विनंती. तेल, कापूर, दूध, हळद-कुंकू देवापाशी वाहा, वाहत्या पाण्यात सोडू नका. नारळाची शेंडी, प्लास्टिकची पिशवी, हार घरी न्या. साबण, शाम्पू गुहेपासून खूप लांब.

शाळांना माझं खास सांगणं आहे, कारण मी शिक्षिका होते. आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडीच्या शाळांनी या झऱ्याचं मोजमाप दत्तक घ्यावं. मोजायला काही लागत नाही. कुंडातून पाणी बाहेर पडतं तिथे एक ठरलेली जागा, एक बादली, एक घड्याळ. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते महिन्याच्या ठरलेल्या दिवशी लिहायचं. धार मोठी असेल तेव्हा जाणकारांकडून पत्र्याची खाचेची पट्टी लावून घ्यायची, तिच्यावरून पाण्याची उंची वाचून प्रवाह काढता येतो. सोबत त्या महिन्याचा पाऊस लिहायचा. पाच वर्षांत अशी वही तयार होईल की कोणत्याही कचेरीत टेबलावर ठेवता येईल. वर सड्यावर कुणी काही करायला आलं तर आपल्याजवळ आपले आकडे असतील. आज आपल्याजवळ आठवणी आहेत. आठवणी कोर्टात चालत नाहीत.

आणि जे वकील आहेत, पत्रकार आहेत, भूजल शिकलेले आहेत, जिल्हा परिषदेत बसतात, मंत्रालयात ज्यांची ओळख आहे, त्यांनी पाणलोटाच्या नकाशाचं काम अंगावर घ्यावं. २.११ हेक्टर हा आकडा बदलायचा आहे. तो किती व्हायला हवा हे अभ्यासावरून ठरू दे, पण तो बदलेपर्यंत थांबायचं नाही.

मी सुरुवात केली आहे. गेल्या उन्हाळ्यात कडेला बसून वेळ मोजत होते तेव्हा बादली गुडघ्याने लवंडली आणि आकडा चुकला, दुसऱ्यांदा मोजावं लागलं. एकटीने हे काम नीट होत नाही. एकाने बादली धरायला हवी, एकाने घड्याळ, एकाने वही. म्हणून यंदा प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला मी फाट्यावर असेन. निळी बादली हातात असेल, ओळखायला अवघड जाणार नाही. चपला लांब काढून ठेवायच्या, एवढी एकच अट. ती माझ्या आजीची आहे.